पॉम्पेई ‘एका क्षणात गोठलेलं’ नाहीये, मग तिथे जाऊन नेमकं बघायचं काय?

पहिल्यांदा पॉम्पेईला (इटलीत नेपल्सजवळ, ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं प्राचीन शहर) गेले तेव्हा मला चक्क कंटाळा आला होता. सांगायला लाज वाटते पण खरंय. रोमहून निघणारी एका दिवसाची बस टूर, त्यात पॉम्पेईला मोजून दोन तास, पुढे लाल छत्री उंच धरलेला गाइड, मागे आम्ही चाळीसेक जण आणि कानात एक इयरफोन जो अर्धा वेळ नुसता खरखरत होता. घरी आल्यावर बघते तर फोनमध्ये दीडशे फोटो, सगळे पडक्या भिंतींचे, आणि कुठली भिंत कशाची हे एकाचंही सांगता येईना.

मग तीन वर्षांनी आई माझ्याकडे आली (मी जर्मनीत असते), तिला इटली बघायचं होतं, आणि यावेळी मी जरा वाचून गेले, दोन दिवस हातात ठेवले. जागा तीच, भिंती त्याच, पण आम्ही संध्याकाळी गेट बंद व्हायच्या वेळी शिपायाने हाकलेपर्यंत आत होतो. तर फरक कशाने पडला ते सांगते, म्हणजे तुमचे दोन तास माझ्यासारखे वाया जाणार नाहीत.

सगळ्यात आधी ते वाक्य डोक्यातून काढा. ‘ज्वालामुखी फुटला, लाव्हा आला आणि अख्खं शहर एका क्षणात जसंच्या तसं गोठलं.’ यात लाव्हा चूक, एका क्षणात चूक आणि जसंच्या तसं तर फारच चूक.

लाव्हा पॉम्पेईपर्यंत आलाच नाही. इसवी सन ७९ मध्ये शेजारचा व्हेसुवियस डोंगर फुटला तो दुपारी एकच्या सुमारास, आणि त्यातून वर आकाशात गेला तो वायू, राख आणि प्युमिस यांचा खांब. प्युमिस म्हणजे टाच घासायला आपण बाथरूममध्ये ठेवतो तो भोकाभोकाचा हलका दगड, तोच. ज्वालामुखीच्या आतल्या वितळलेल्या दगडात वायू कोंडलेला असतो, सोड्याची बाटली हलवून झाकण उघडलं की जसं फसफसून बाहेर येतं तसा तो बाहेर येतो आणि फेस असतानाच थंड होतो, म्हणून त्याला ती भोकं. हा खांब साधारण ३० किलोमीटर उंच गेला आणि वारा नेमका पॉम्पेईच्या दिशेने होता. मग सुमारे १८ तास शहरावर हे दगड पडत राहिले, जवळजवळ तीन मीटर थर साचला. हिशोब करा, तासाला साधारण अर्धा फूट. एकेक दगड हलका, पण कौलारू छपरावर चार-पाच तासांत दोन-अडीच फूट साचले की छप्पर बसणारच, आणि ती बसलीच, पहिल्या टप्प्यात मेलेले बरेच लोक छपराखाली सापडून मेलेत.

म्हणजे लोकांना वेळ मिळाला होता. हे मला फार अस्वस्थ करणारं वाटतं, कारण ‘एका क्षणात’ म्हटलं की कोणाला काही ठरवायला लागत नाही, पण इथे अख्खी संध्याकाळ आणि रात्र होती, निघायचं का थांबायचं, दागिने घ्यायचे का, म्हातारी आजी चालू शकते का, दुकान कोणावर टाकायचं. शहरात साधारण १० ते १२ हजार लोक राहत असावेत असा अंदाज आहे आणि आत्तापर्यंत सापडलेत ते ११०० च्या वर मृतदेह. शहराचा एक तृतीयांश भाग अजून खणलेलाच नाही, आणि बाहेर पळताना रस्त्यात किती गेले त्याचा हिशोब वेगळा, तरी बहुतेक लोक निघून गेले असावेत असं दिसतं. जे थांबले किंवा अडकले त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी गाठलं ते त्या खांबाच्या कोसळण्याने. खालून वर ढकलणारा जोर कमी झाला की तो खांब स्वतःचं वजन पेलू शकत नाही, खाली येतो आणि तापलेली राख आणि वायू यांचा लोट डोंगराच्या उतारावरून जमिनीला चिकटून सुसाट सुटतो. त्याच्यापुढे पळून उपयोग नसतो.

आता ते पुतळे, ज्यांचे फोटो सगळ्यांनी बघितलेले असतात. ती माणसं ‘दगड झालेली’ नाहीत. राखेत माणूस गाडला गेला, राख आवळून कडक झाली, शरीर कुजून गेलं आणि आत त्याच आकाराची पोकळी राहिली, तळाशी हाडं. १८६३ मध्ये जुझेप्पे फिओरेल्ली या खोदकामाच्या प्रमुखाने अशा पोकळीत पातळ केलेलं प्लास्टर ओतलं, ते घट्ट होऊ दिलं आणि मग भोवतालची राख काढली. गणपतीचा साचा आणि प्लास्टर ऑफ पॅरिस, तत्त्व तेच, फक्त साचा इथे निसर्गाने केलेला. असे शंभराच्या आसपास ठसे आहेत. आत खरी हाडं असतात हे आईला सांगितल्यावर ती दोन पावलं मागे सरकली, आणि मग तिने हात जोडले. आजूबाजूला लोक सेल्फी काढत होते, असो.

या ठशांवरून गोष्टी रचायचा मोह फार होतो. एका घरात चार जण सापडले, त्यातल्या मोठ्या माणसाच्या हातात जाड सोन्याचं कडं आणि जवळ लहान मूल, झालं, कित्येक वर्षं सगळे ‘आई आणि बाळ’ म्हणत आले. २०२४ मध्ये हाडांमधल्या डीएनएचा निकाल प्रसिद्ध झाला तर कडंवाली व्यक्ती पुरुष निघाली आणि त्या मुलाशी तिचं रक्ताचं नातंच नाही. सोन्याचं कडं म्हणजे बाई आणि मूल जवळ म्हणजे आई हे आपलं डोकं, पॉम्पेईचं नव्हे.

तारखेचंही तसंच. शाळेत, पुस्तकात, सगळीकडे २४ ऑगस्ट. ही तारीख धाकट्या प्लिनीच्या पत्रांतून आली, पण ती पत्रं हाताने नकलून नकलून आपल्यापर्यंत पोचलीत आणि नकला करताना घोळ होतात. खोदकामात मात्र डाळिंबं सापडत होती, वाईनचे रांजण भरून तोंडं बंद केलेले सापडत होते, म्हणजे द्राक्षांचा हंगाम उरकलेला. २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली तारीख सापडली, आपल्या हिशोबाने १७ ऑक्टोबर. साल लिहिलेलं नाही, पण कोळशाचं लिखाण भिंतीवर वर्षभर कुठलं टिकायला, त्यामुळे आता बरेच जण ऑक्टोबरच्या शेवटाकडे झुकलेत.

(हा धाकटा प्लिनी तेव्हा १७ वर्षांचा, आईबरोबर खाडीपलीकडे मिसेनमला मामाकडे राहायला. मामा म्हणजे थोरला प्लिनी, तिथल्या आरमाराचा प्रमुख आणि भयंकर अभ्यासू माणूस. ढग बघायला येतोस का म्हणून मामाने विचारलं तर भाचा म्हणाला नको, मला अभ्यास आहे. मामा जहाजं घेऊन गेला, आधी कुतूहलाने आणि मग लोकांना सोडवायला, आणि जवळच्याच स्टाबिये गावाच्या किनाऱ्यावर मेला. भाचा वाचला, सुमारे पंचवीस वर्षांनी त्याने इतिहासकार टॅसिटसला ते सगळं लिहून कळवलं, म्हणून आपल्याला माहीत. मामाला लक्षात ठेवा, तो शेवटी परत येणार आहे.)

आता मुख्य मुद्दा, ‘जसंच्या तसं’. पॉम्पेईत तुम्ही जी भिंत बघता तिच्यावर कमीत कमी पाच-सहा वेळा काहीतरी घडलेलं असतं, आणि ते सुटं करून बघता आलं की मजा यायला लागते.

एक तर हे शहर मुळात रोमनांनी वसवलेलंच नाही. ओस्कन बोलणाऱ्या लोकांचं, मग सॅम्नाइट लोकांचं, रोमन सेनापती सुल्लाने वेढा घालून घेतलं आणि इसवी सनपूर्व ८० मध्ये आपले निवृत्त सैनिक तिथे आणून बसवले. म्हणजे उद्रेकाच्या वेळी ‘रोमन’ पॉम्पेई जेमतेम दीडशे वर्षांचं.

मग इसवी सन ६२ चा भूकंप, मोठा, अर्धं गाव हललं. १७ वर्षांनीसुद्धा डागडुजी संपलेली नव्हती. त्यामुळे ७९ साली जे गाडलं गेलं ते नांदतं, झकपक शहर नव्हतं, ते अर्धं उकरून ठेवलेलं शहर होतं, पाईपसाठी खणलेले चर तसेच उघडे, कुठे चुन्याचे ढीग, कुठे रचून ठेवलेली कौलं. अगदी अलीकडच्या खोदकामात एक चालू बांधकामच सापडलं, गवंड्यांची हत्यारं आणि सामान जागच्या जागी. आपल्याकडे रस्ता खणून ठेवतात आणि बुजवत नाहीत त्याचा राग यायचा, आता वाटतं दोन हजार वर्षांनी कोणीतरी आपल्यावरही पेपर लिहील.

भूकंपाने काहींची चांदीही झाली. इसिस या इजिप्शियन देवीचं देऊळ पडलं होतं ते पुन्हा बांधून दिलं पोपिडियस सेल्सिनस नावाच्या दानशूर गृहस्थांनी, असा दारावर लेख आहे, आणि या सेवेबद्दल नगरसभेने त्यांना सभासद करून घेतलं. गृहस्थांचं वय सहा वर्षं. बाप गुलामीतून सुटलेला, श्रीमंत, पण कायद्याने त्याला स्वतःला नगरसभेत जाता येत नव्हतं, म्हणून मुलाच्या नावाने देऊळ. हा किस्सा मी आईला सांगितला तर ती म्हणाली यात नवीन काय आहे.

मग उद्रेक. मग उद्रेकानंतरचे लोक, हे सगळे विसरतात. वरचे मजले बरेच ठिकाणी राखेतून डोकं वर काढून होते, त्यामुळे लोक परत आले, बोगदे पाडून आत शिरले, कोणी आपलं काढायला, कोणी दुसऱ्याचं. मुख्य चौकातलं संगमरवर आणि पुतळे म्हणूनही इतके कमी आहेत. काही गरीब लोक तर त्या अवशेषांत पुढे बराच काळ राहतही होते असं आता दिसतंय. नंतर विसर पडला. १५९०च्या दशकात एक कालवा चक्क या शहराच्या पोटातून काढला, भिंती लागल्या, अक्षरं कोरलेले दगड लागले, तरी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

१७४८ मध्ये नेपल्सच्या राजाच्या हुकमाने खोदाई सुरू झाली ती शास्त्रासाठी नाही, राजवाडा सजवायला. चांगलं चित्र दिसलं की भिंतीतून कापून काढायचं आणि चौकट करून न्यायचं. त्यांना तर आपण स्टाबिये खणतोय असं वाटत होतं, १७६३ मध्ये एक शिलालेख मिळाला तेव्हा कळलं की हे पॉम्पेई. म्हणून आज घरात गेलं की सुंदर लाल भिंतीत मधेच चौकोनी खड्डा दिसतो. तो ज्वालामुखीचा नाही, राजाचा.

आणि १९४३. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी पॉम्पेईवर दीडशेच्या वर बॉम्ब टाकले, घरं उडाली, तिथलं म्युझियम उडालं. म्हणजे ज्वालामुखीतून वाचलेल्या काही गोष्टी दोन हजार वर्षांनी बॉम्बने गेल्या. नंतर झालेली काँक्रीटची दुरुस्ती, नवी कौलं, नव्या लाकडी तुळया. वर छप्पर दिसलं की समजायचं ते बहुतेक विसाव्या शतकातलं.

हे एवढं माहीत असलं की काय करायचं, तर देवळं आणि चौक पटकन उरका आणि खाली बघत चाला. खरंच, खाली. पॉम्पेईतली सगळ्यात बोलकी गोष्ट रस्ता आहे.

काळ्या लाव्हा दगडाच्या मोठमोठ्या फरशा (जुना लाव्हा, शहर वसायच्या कितीतरी आधीचा), दोन्ही बाजूला चांगले उंच फुटपाथ आणि मधे तीन-चार मोठे दगड उभे, इकडून तिकडे जायला. आमच्या पहिल्या गाइडने सांगितलं होतं पावसासाठी. अर्धंच खरं. शहराच्या बहुतेक भागात जमिनीखालची गटारं नव्हतीच, रस्ता हेच गटार, आणि त्यात पाणी फक्त पावसात नाही, रोज वाहायचं. का, ते पुढे सांगते. तर त्या घाणीत पाय न घालता ओलांडायला हे दगड, आणि त्यांच्यामधली फट बरोबर एवढी की गाडीची चाकं निघून जावीत. फरशांवर चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या बघा, काही ठिकाणी वीतभर खोल. आपण ‘चाकोरी’ म्हणतो ना, ती ही. वळणावर कुठल्या बाजूचा कोपरा जास्त झिजलाय, हे मोजून अभ्यासकांनी दाखवलंय की काही गल्ल्या वन-वे होत्या. दगडांच्या मधे कुठेकुठे पांढरे संगमरवराचे बारीक तुकडे बसवलेत, चंद्राच्या उजेडात चमकायला.

आता पाणी. डोंगरातून कालव्याने आलेलं पाणी शहराच्या सगळ्यात उंच टोकाला, व्हेसुवियस दरवाजापाशी, एका वाटप-घरात यायचं आणि तिथून शिशाच्या पाईपांतून खाली. शहर उतारावर असल्याने खालच्या भागात दाब इतका व्हायचा की शिशाचे सांधे फुटले असते. म्हणून चौकाचौकात साधारण सहा मीटरचे विटांचे मनोरे, वर शिशाची टाकी. पाणी आधी वर टाकीत चढायचं, तिथे दाब मोडायचा, मग पुढच्या नळांना. ते मनोरे अजून उभे आहेत, आणि बाजूला पाईपची खोबण आणि तिच्यावर चढलेला पांढरा क्षार दिसतो. मी पहिल्या वेळी अशा चार मनोऱ्यांशेजारून गेले असेन, खांब समजून.

पण ही व्यवस्था सतत वाहणारी, कालवा काही रात्री बंद होत नाही. त्यामुळे शहरातल्या चाळीसेक सार्वजनिक हौदांतून पाणी सारखं वर येऊन रस्त्यावर सांडायचं आणि रस्ता धुऊन निघायचा. आलं लक्षात, फुटपाथ उंच का? हौदापाशी थांबून त्याच्या तोटीच्या दोन्ही बाजूचा काठ बघा, एका बाजूला दगड बशीसारखा झिजलाय. पिण्यासाठी वाकताना लोक तिथे हात टेकायचे. आईने आपोआप तिथेच हात टेकला आणि बाटली भरली, कारण बऱ्याच हौदांना आता नवे नळ आहेत आणि पाणी पिण्याचं आहे. उन्हाळ्यात गेलात तर हीच माहिती सगळ्यात महत्त्वाची, सावली नावाचा प्रकार आत जवळजवळ नाही.

मग उंबरठे. उंबऱ्याच्या दगडात लांबलचक खोबण असेल तर ते दुकान, कारण त्या खोबणीत लाकडी फळ्या सरकवून दुकान बंद करायचे, आपल्याकडे जुन्या पेठेत वाणी लावायचे तशाच. खोबण नसून दाराच्या खुंट्यांची दोन भोकं असतील तर ते घर. ही एक खूण कळली की अख्खा रस्ता उलगडतो, मोठ्या घराच्या दाराच्या दोन्ही बाजूंना दोन दुकानं, भाड्याने दिलेली, आणि वर पोटमाळ्यावर दुकानदाराचं बिऱ्हाड.

ओट्यात गोल भोकं आणि त्यात पुरलेले रांजण दिसले की तो खाण्यापिण्याचा गाडा म्हणा, टपरी म्हणा. माहितीच्या पाट्यांवर ‘थर्मोपोलियम’ लिहिलेलं असतं, पण तो शब्द आजच्या अभ्यासकांनी जास्त वापरलाय. रांजणांत गरम रस्सा असायचा असं सगळे सांगतात, त्यावर काही जणांची शंका अशी की हे मातीचे रांजण ओट्यात पक्के बसवलेले, ते धुणार कसे, त्यात सुका मेवा, कडधान्य असं कोरडंच असणार. पण दुसरीकडे २०२० च्या सुमारास पूर्ण उकरलेल्या एका टपरीच्या रांजणांत बदक, डुक्कर, बकरी, मासे, गोगलगाय असं सगळं मिळालं, आणि ओट्याच्या दर्शनी भागावर उलटी टांगलेली बदकं, कोंबडा, साखळीतला कुत्रा अशी झकास चित्रं. मला वाटतं दोन्ही होत असेल, टपरीवाला काही नियम बघून थोडाच धंदा करतो. दुसऱ्या एका टपरीच्या रांजणात तर जवळपास तीन किलो नाणी सापडली. गल्ला.

घरं कळायला आपल्याला जर्मन किंवा अमेरिकन पर्यटकापेक्षा सोपं जातं, कारण वाडा माहीत असतो. बाहेरून कोरी भिंत, अरुंद दार, आत बोळ आणि मग एकदम वर उघडा चौक. त्या चौकाला ते आट्रियम म्हणत, मधल्या हौदात छपराचं पाणी पडायचं आणि खालच्या टाक्यात साठायचं. पुढे मालकाची बैठक, तिच्यामागे खांबांची ओसरी असलेली बाग. फरक एकच, आपल्याकडे आतलं आत राहतं, तिथे सकाळी दार उघडं असायचं आणि रस्त्यावरून थेट बागेपर्यंत नजर जायची, मुद्दामच, मालकाची ऐपत दिसावी म्हणून. ‘फॉन’च्या घरात अलेक्झांडरच्या लढाईचं प्रसिद्ध मोझेक बघायला सगळे झुंबड करतात, ते तिथे नाही, ती नक्कल आहे, मूळ १८४३ मध्येच नेपल्सला गेलं.

आणि भिंतींवरचं लिखाण! अकरा हजारांच्या आसपास लेख सापडलेत. निवडणुकीचा प्रचार लाल रंगात, अमुकला निवडून द्या, तमुक बेकरीवाल्यांचा पाठिंबा. वातिया नावाच्या उमेदवाराला ‘रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्या समस्त मंडळींचा’ आणि ‘भुरट्या चोरांचा’ पाठिंबा आहे असंही रंगवलंय, ते विरोधकांनी केलं का वात्रट मित्रांनी यावर वाद आहे. रंगारी रात्री काम करायचे, एमिलियस सेलर नावाच्या एकाने जाहिरातीखाली सही ठोकलीय की हे मी एकट्याने, चांदण्यात लिहिलं. आणि एका वैतागलेल्याने लिहिलंय, ते गावात दोन-तीन ठिकाणी सापडतं, की बाबा भिंती, इतक्या लोकांचा कंटाळवाणा मजकूर अंगावर वागवून तू अजून कोसळली कशी नाहीस याचं मला नवल वाटतं.

जाण्याचं थोडक्यात. नेपल्सहून सोरेंटोकडे जाणारी लोकल, चिरकुमवेसुवियाना, ‘पॉम्पेई स्कावी’ स्टेशनला उतरायचं, ३५-४० मिनिटं, समोरच गेट. पॉम्पेई नावाचं दुसरंही स्टेशन आहे, ते आजच्या गावाचं. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २० हजार लोकांचीच मर्यादा आणि तिकिटावर नाव, त्यामुळे पासपोर्ट जवळ ठेवा. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत. चपला नकोत, त्या चाकोऱ्यांत पाय मुरगळतो. सगळी गर्दी पोर्टा मरिना या गेटच्या बाजूने शिरते, आम्ही दुसऱ्या दिवशी उलट्या टोकाने, अँफिथिएटरच्या गेटने गेलो आणि पहिला तासभर रस्ते जवळजवळ रिकामे होते. रस्त्यांची नावं इटालियन आणि आधुनिक आहेत, मुख्य रस्ता ‘समृद्धीचा रस्ता’ म्हणतात तो एका हौदावरच्या देवीवरून, आणि देवी ओळखण्यात चूक झालेली, ती समृद्धीची नव्हेच. पत्ता शोधायला फिओरेल्लीचीच पद्धत अजून वापरतात, विभाग, त्यातला गाळ्यांचा चौकोन, मग दार.

तर त्या मुख्य रस्त्यावर विभाग १, चौकोन ८, दार ५. साधं घर, बघायला तसं काही नाही, पण मी आईला तिथे मुद्दाम नेलं. १९३८ मध्ये इथे एक हस्तिदंती मूर्ती सापडली, वीतभरच, भारतीय स्त्रीची. आधी लक्ष्मी म्हणाले, आता बहुतेक अभ्यासक यक्षी मानतात. डोक्यात आरपार भोक आहे, म्हणजे आरशाची मूठ असेल किंवा एखाद्या छोट्या मेजाचा पाय. अशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे भोकरदनला आणि तेरला सापडल्यात. तेर म्हणजे गोरोबाकाकांचं तेर. जुनं नाव तगर, आणि लाल समुद्रातून येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक माहितीपुस्तकात पैठण आणि तगर दोन्ही आहेत, तिथून माल गाड्यांवर लादून भडोचला जायचा म्हणून. मूर्तीच्या पायाशी खरोष्ठी अक्षर आहे, ही वायव्येकडची लिपी, त्यामुळे ती गांधाराकडून गेली असंही काही जण म्हणतात, वाद मिटलेला नाही. मी अर्थात तेरच्या बाजूने, पुरावा कमी पडला तर पडो.

आणि मामा. थोरल्या प्लिनीने आपल्या ग्रंथात तक्रार करून ठेवलीय की भारत आपल्या साम्राज्यातून दरसाल ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो. ज्या डोंगराने त्याचा जीव घेतला त्याच डोंगराने त्या पाच कोटींतली ही एक वस्तू जपून ठेवली. उलट दिशेनेही माल आला, कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या खोदाईत पोसायडनचा छोटा ब्राँझचा पुतळा निघाला, टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे, कितीदा कोल्हापूरला गेले पण मी स्वतः अजून बघितला नाही.

मूर्ती बघायला नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात जावं लागतं (मंगळवारी बंद असतं), आणि ते तसंही टाळू नका, पॉम्पेईच्या भिंतीतल्या त्या चौकोनी खड्ड्यांतली चित्रं तिथेच आहेत. फक्त आपली बाई आहे ती ‘गुप्त दालनात’. हे दालन एकोणिसाव्या शतकात पॉम्पेईच्या कामुक वस्तू सभ्य लोकांच्या नजरेआड ठेवायला केलेलं, पूर्वी आत जायला परवानगी लागायची. भिंतीवर एकेक चित्रं अशी की मी आईच्या पुढे भराभर चालत होते, आणि ती चष्मा काढून पुसून निवांत बघत होती. मूर्तीपाशी पोचल्यावर मी सांगितलं की अंगावर कपडे नाहीत म्हणून हिला इथे ठेवलंय.

आईने वाकून बघितलं. कोपरापर्यंत बांगड्या, गळ्यात हार, कमरेला मेखला, पायात पार पोटऱ्या झाकतील एवढे वाळे, शेजारी सामानाचे डबे धरून दोन छोट्या दासी.

“एवढं सगळं घातलंय की तिनं,” आई म्हणाली, “आणखी काय घालायचं होतं?”